*वापरात नसलेलं दुकानाचं कार्ड : ठेवायचं की बंद करायचं?*

आजचा सल्ला पिकाचा नाही, कागदाचा आहे. दिवाळीला तालुक्याच्या दुकानातून मोबाईल किंवा फ्रीज हप्त्यावर घेतला. दुकानदाराने आधार, पॅन घेतलं, ओटीपी विचारला आणि एक कार्ड हातात दिलं. हप्ते फिटले, कार्ड कपाटात पडलं. पण खातं अजून चालूच आहे.

*अडचण कुठे येते?*
काही कार्डांना वर्षाची फी असते. सिम बदललं असेल तर मेसेज येत नाही, फी थकते, तिच्यावर दंड चढतो. ही थकबाकी तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसते. मग ट्रॅक्टर, शेड किंवा घराच्या कर्जाला बँकेत गेलात की साहेब तीच नोंद दाखवतात. रक्कम दोन-चारशे असते, पण अडकतं लाखांचं कर्ज.

*बंद करा, जर :*
✅ फी लागते आणि वर्षभरात वापर नाही
✅ कार्ड आहे म्हणून नको ती खरेदी होते
✅ हिशोब ठेवणं जमत नाही

*थोडं थांबा, जर :*
⏳ येत्या काही महिन्यांत मोठं कर्ज काढायचं आहे, कार्डाला फी नाही आणि तेच तुमचं सर्वात जुनं खातं आहे. आधी कर्ज मंजूर होऊ द्या, मग बंद करा.
⏳ दुसऱ्या क्रेडिट कार्डावर बाकी आहे. समजा दोन क्रेडिट कार्डांची मर्यादा 50,000 आणि 30,000, आणि बाकी 20,000. म्हणजे वापर 25 टक्के. 30,000 वालं बंद केलं की तीच बाकी 40 टक्के होते आणि स्कोअर खाली येऊ शकतो. आधी बाकी फेडा.

वेळेवर भरलेल्या हप्त्यांची चांगली नोंद खातं बंद केल्यावर लगेच पुसली जात नाही. त्या भीतीने फीचं कार्ड सांभाळत बसू नका.

*बंद करण्याची रीत*
1️⃣ बाकी शून्य करा. फी, दंड सगळं धरून. पावती ठेवा.
2️⃣ कंपनीच्या अ‍ॅपवर, ईमेलने किंवा शाखेत अर्ज द्या. तक्रार/विनंती क्रमांक लिहून घ्या.
3️⃣ 'थकबाकी नाही' असा दाखला मागा. फोटो काढून जपून ठेवा.
4️⃣ बँक खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी दिली असेल तर तीही रद्द करा.
5️⃣ दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून खातं 'बंद' दिसतंय का पाहा. सिबिलसह चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो.

⚠️ कार्ड कात्रीने कापलं किंवा अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही.

*नियम लक्षात ठेवा*
क्रेडिट कार्डावर बाकी नसेल तर बंद करण्याची विनंती 7 कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवी. उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 वर फोन करा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डामागचा किंवा करारपत्रावरचाच घ्या. कार्ड बंद करायला म्हणून फोनवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930.

आज संध्याकाळी कपाट उघडा, घरातली सगळी कार्डं एकदा मोजा. पत्र वाचायला अडचण आली तर कंपनीच्या कार्यालयात घेऊन या, एकत्र बसून वाचू.

🙏 आपली शेतकरी उत्पादक कंपनी