फ्रेम बसत नाही, मग ठेवायची की विकायची?

व्हिडिओत हा हिशोब घाईत झाला, म्हणून इथे नीट मांडतोय.

समजा, साताऱ्यातल्या तुमच्या सायकल दुकानात ९,००० रुपयांना आणलेली १९ इंची फ्रेम पडून आहे. समोरचं गिऱ्हाईक सव्वापाच फूट. ते म्हणतं, "सीट खाली घ्या की!" सीट खाली येते हो, पण वरच्या नळीची लांबी तेवढीच राहते. स्टेम २०-३० मिलिमीटर आखूड टाकता येतो, त्यापुढे हँडल डुगडुगतं. आणि दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर नळी जांघेला लागत असेल तर विषयच संपला. यवतेश्वर घाट उतरताना ब्रेकसाठी हात ताणावा लागला तर माणूस पडेल. असली फ्रेम कुणाच्या गळ्यात मारू नका.

आता पैसा. सांगलीचं एक सहा फुटी गिऱ्हाईक फोनवर ६,५०० म्हणतंय. "अडीच हजार तोटा!" अहो, ते ९,००० कधीच गेले. आजच्या निर्णयात ते धरायचेच नाहीत. प्रश्न एवढाच, की ६,५०० रोख हवेत की भिंतीवर टांगलेली फ्रेम? त्या पैशात टायर-ट्यूब, ब्रेक शू भरा, रोज खपणारा माल तो. पाठवायचं भाडं मात्र भाव ठरवतानाच बोलून घ्या, आणि घेणाऱ्याला टाचेपासून जांघेपर्यंतचं माप विचारा, नाहीतर फ्रेम परत तुमच्याच दारात.