पॅनेलची पाठ

गणपतीला पाहुणे आले होते. आरती झाली, मोदक झाले आणि पोरं ‘आगगाडी, आगगाडी’ करत मागच्या खोलीत शिरली. मीही ऐटीत माझ्या छोट्या रेल्वेच्या पॅनेलसमोर उभा राहिलो. पाचेक मिनिटांनी भाचा म्हणाला, “मामा, काहीतरी जळतंय.” मी म्हटलं, उदबत्ती असेल. उदबत्ती नव्हती. मालधक्क्याकडे वळणाऱ्या सांध्याची कॉइल होती, आणि तिच्या धगीने वरच्या सांध्याचं प्लॅस्टिकही वाकलं होतं.

हा नाद मला लागला तो पुण्याच्या कोथरूडमधल्या, जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. निवृत्तीनंतर आठ बाय चार फुटांच्या प्लायवर मी आपली स्वतःची रेल्वे मांडली. एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर. अकरा सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, विजेचे सहा विभाग, दोन कंट्रोलर. पॅनेल विकत कशाला घ्या? स्विच बुधवार पेठेत मिळतात, सनमायकाचा तुकडा घरात पडलेला, आणि कॉलेजात सोल्डरिंग केलेलं. घरी करायला काय जातंय, असं मी हिला म्हणालो होतो. ते वाक्य ती अजून अधूनमधून ऐकवते.

आधी कॉइल का जळाली ते सांगतो, कारण ही चूक नवखे हमखास करतात. सांध्याखालच्या त्या यंत्राला मोटर म्हणतात, पण आत दोन कॉइल असतात. एकीत वीज गेली की लोखंडी दांडी इकडे, दुसरीत गेली की तिकडे. वीज क्षणभरच हवी, पण त्या क्षणात कॉइल दोन-तीन अँपिअर ओढते. १२ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, झाले ३६ वॅट. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! बोटाच्या पेराएवढ्या कॉइलमध्ये तेवढी वीज अर्धा मिनिट राहिली तर दुसरं काय होणार? मी तिथे टॉगल स्विच लावले होते, तेसुद्धा दिसायला छान म्हणून. जुन्या केबिनमध्ये लिव्हर ओढल्याचा भास होतो ना! टॉगलची दांडी झटकून लगेच मधे आणायची, हे माझ्या हाताला ठाऊक होतं. त्या दिवशी तो टॉगल भाच्याने ओढला होता; त्याच्या हाताला कसं ठाऊक असणार?

तेव्हा अशा मोटरींना बोट उचललं की सुटणारं स्प्रिंगचं बटणच लावा. आणि मधे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट घाला. ते वीज साठवून ठेवतं, बटण दाबलं की एकदम फेकतं, आणि बटण दाबून धरलं तरी नंतर नावापुरतीच वीज सोडतं. शे-दोनशेच्या सुट्या भागांत घरीही बनतं. टॉगलचा हट्टच असेल तर हळू फिरून अडून राहणाऱ्या मोटरी घ्या. त्या अडलेल्या असतानाही पंधरा-वीस मिलिअँपिअरवर भागवतात. खिशाला मात्र जड पडतात.

कॉइल बदलताना तिची वायर शोधायला पॅनेल उघडायला गेलो, तर ते उघडेचना. चौकट मी फेव्हिकॉल लावून, वर चुका ठोकून पक्की केली होती. पटाशीने उचकटलं तेव्हा आत नुसती लाल जाळी. सगळ्याच वायरी लाल, कारण ९० मीटरची एक लाल गुंडाळी स्वस्तात मिळाली होती. कुठे चिठ्ठी नाही, नंबर नाही. ही टॉर्च धरून उभी होती. म्हणाली, “अहो, यात तुमचं तुम्हालाच काही सापडेल का?” एक वायर सापडायला दोन रविवार गेले.

आणखी एक गंमत. पॅनेलवरच्या रुळांच्या नकाशात जो सांधा पुढून डावीकडे, तो मागून बघताना उजवीकडे येतो. लिहिताना हे किती सोपं वाटतं! मी पाठीला वायरी जोडल्या त्या पुढचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून, त्यामुळे दोन नंबरचं बटण दाबलं की दहा नंबरचा सांधा हलायचा. आता मी नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढतो आणि तोच कागद उलटा करून पॅनेलच्या पाठीला चिकटवतो.

पण मला सगळ्यात महाग पडले ते दिवे. त्यानंतर केलेल्या दुसऱ्या पॅनेलवर प्रत्येक सांध्याला हिरवा-लाल एलईडी लावला. १२ व्होल्टला एक किलोओहमचा रेझिस्टर, सगळं रीतसर. एके दिवशी दिवा हिरवा असताना इंजिन सांध्यावरून घसरलं आणि टेबलाच्या कडेवरून फरशीवर आलं. सांध्याच्या सरकत्या पातीत खडीचा एक कण अडकला होता, त्यामुळे सांधा अर्ध्यावरच थांबलेला. दिव्याला ते कळणार कसं? त्याला मी वीज दिली होती ती बटणाकडून. बटण दाबलं गेलं, एवढंच तो सांगत होता. खऱ्या रेल्वेत सांध्याची पाती रुळाला टेकून कुलूपबंद झाली याचा पुरावा मिळाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. तिथे पुरावा पातीकडून घेतात, लिव्हरकडून नाही. तेच आपल्याकडे करायचं. पातीला जोडलेल्या दांडीशी एक छोटा मायक्रोस्विच लावायचा आणि दिवा त्यावरून पेटवायचा. अकरा सांध्यांना हे करायला मला महिना लागला. ज्याला तेवढा धीर नाही त्याने दिवे लावूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. खोटा दिवा असण्यापेक्षा वाकून बघणं बरं.

सध्याचं पॅनेल तिसरं. खालच्या कडेला बिजागरी, वर दोन स्क्रू; ते काढले की पॅनेल पुस्तकासारखं पुढे उघडतं, आणि वायरी त्यासाठी हातभर जास्त ठेवल्या आहेत. सांध्यांना पिवळी वायर, विभागांना निळी, दिव्यांना हिरवी, परतीची काळी. सगळ्या आधी कनेक्टर पट्टीवर येतात आणि तिथून पुढे जातात. २३० व्होल्ट तर मी पॅनेलमध्ये येऊच देत नाही. ट्रान्सफॉर्मर भिंतीशी, बंद डब्यात. घरात पोरं येतात.

आणि एक शाळकरी वही आहे. तिच्यात पट्टीचा नंबर, वायरचा रंग आणि ती कुठे जाते एवढंच लिहायचं, पण वायर जोडली की लगेच. “रात्री एकदम लिहून काढू” म्हणू नका. माझ्या वहीत १४ ते १९ नंबर आजही कोरे आहेत.