बहिर्गामी माहितीचे प्रवेशद्वार : एचटीटीपी प्रॉक्सी

संगणकीय सुरक्षेची चर्चा बहुधा बाहेरून होणाऱ्या हल्ल्यांपुरती मर्यादित राहते. संस्थेतून बाहेर जाणाऱ्या माहितीचे नियमनही तितकेच महत्त्वाचे असते. त्याचे एक प्रमुख साधन म्हणजे एचटीटीपी प्रॉक्सी.

संकल्पना

प्रॉक्सी हा मध्यस्थ सर्व्हर होय. संस्थेतील सॉफ्टवेअर बाह्य यंत्रणेशी थेट संपर्क न साधता आपली विनंती प्रॉक्सीकडे सोपविते. प्रॉक्सी ती नियमांनुसार तपासून पुढे पाठवितो आणि आलेले उत्तर परत देतो. बाह्य यंत्रणेला केवळ प्रॉक्सीचा पत्ता दिसतो.

व्यवहारातील महत्त्व

वस्तू व सेवा कराची ई-इन्व्हॉइस पद्धत १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना लागू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आणण्यात आली. उद्योगाचे लेखा सॉफ्टवेअर बीजकाचा तपशील नोंदणी पोर्टलकडे पाठवून संदर्भ क्रमांक मिळविते. ही पद्धत लागू असलेल्यांनी अन्य रीतीने दिलेले बीजक, नियम ४८(५) नुसार, बीजकच मानले जात नाही. म्हणजेच प्रॉक्सीच्या मांडणीतील एका चुकीमुळे विक्रीचा व्यवहार अडू शकतो.

मांडणीचे चार घटक

१. पत्ता व पोर्ट : ब्राउझरमधील नोंद सर्व्हरवरील सॉफ्टवेअरला आपोआप लागू होईलच असे नाही, तेथे ती स्वतंत्रपणे करावी लागते. स्क्विड या प्रचलित प्रॉक्सीचा मूळ पोर्ट ३१२८ आहे.

२. एचटीटीपीएस : जावावर आधारित सॉफ्टवेअरमध्ये याची नोंद एचटीटीपीहून वेगळी असते. ती राहून गेल्यास सुरक्षित विनंत्या थेट बाहेर जाऊ पाहतात आणि फायरवॉलपाशी अडतात.

३. ओळख पडताळणी : प्रॉक्सीने ४०७ हा संकेत दिल्यास वापरकर्त्याची ओळख सादर झाली नाही किंवा स्वीकारली गेली नाही, असे समजावे.

४. अपवादांची यादी : संस्थेतीलच सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंत्या प्रॉक्सीतून वगळाव्या लागतात, अन्यथा अंतर्गत कामकाज विनाकारण खोळंबते.

लाभ आणि मर्यादा

एकच द्वार असल्याने देखरेखीचा खर्च घटतो व नोंदी एकत्र राहतात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक करण्यात आले. परंतु खर्चाबरोबर जोखीमही एकवटते : प्रॉक्सी बंद पडल्यास सर्व बाह्य व्यवहार थांबतात. म्हणून पर्यायी प्रॉक्सीवरील खर्च हा विम्याच्या हप्त्यासारखा मानावा.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. एचटीटीपीएसमध्ये प्रॉक्सीला सामान्यतः गंतव्य सर्व्हरचे नाव कळते, मजकूर नव्हे. संस्थेचे प्रमाणपत्र बसवून मजकूरही उलगडता येतो. पण मग कर्मचाऱ्यांची व ग्राहकांची माहिती देखरेख करणाऱ्याच्या हाती येते. तेव्हा द्वार उभारण्याइतकेच द्वारपालाचे अधिकार निश्चित करणे अगत्याचे ठरते.