दातांच्या डॉक्टरची परीक्षा भर दुपारी असते

प्रश्न : ताई, मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बारावी सायन्सला आहे, कॉलेज राळेगावला. मला दातांची डॉक्टर व्हायचं आहे. माझ्या मामाचं गाव पांढरकवड्याकडे. तिथल्या लहान लहान पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, कितीही घासले तरी जात नाहीत. आमच्या आबांचं तोंड खर्रा खाऊन खाऊन आता दोन बोटांपलीकडे उघडत नाही. डेंटलसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते का? मोबाइलवर जो तो रोज १४ तास अभ्यास करा म्हणतो. कॉलेज, एस.टी. आणि घरचं काम धरून इतके तास मी कुठून आणू? कापूस फुटला की रविवारीही शेतात जावं लागतं. मला टाइमटेबल करून द्या.
– एक विद्यार्थिनी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : आधी आबांचं बोलू. तू डॉक्टर व्हायची वाट त्यांनी पाहू नये. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. या दुखण्याचं पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. पन्नीत घोटलेल्या खर्र्यात सुपारी, तंबाखू, चुना असं सगळंच असतं. याच आठवड्यात त्यांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात दाखव आणि खर्रा बंद करायला लाव. पट्टे ओढलेल्या दातांकडे पुढे येतेच, कारण तो विषय तुझ्या परीक्षेतही आहे.

आता परीक्षा. वेगळी नाही. बीडीएस आणि एमबीबीएस दोन्हींची वाट नीटमधूनच जाते. २०१६ लाही आपल्याकडे यासाठी राज्याची सीईटी होती, त्यानंतर देशभर हा एकच पेपर आला. यवतमाळच्या वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजात जाऊ पाहणारा मुलगा जो पेपर सोडवेल, तोच तू सोडवशील. फरक पडतो तो निकालानंतर, कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना. अमेरिकेत दंतवैद्यकाची वेगळी परीक्षा असते आणि तिच्यात आकृत्या मनातल्या मनात फिरवून ओळखायचा एक भाग असतो. कॅनडात तर एके काळी साबणाची वडी कोरून दाखवावी लागे. आपल्याकडे हाताचं कसब कोणी तपासत नाही. ते प्रवेशानंतर, पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरताना कळतं.

एक गंमत सांगते. तू अकरावीला बोर्डाच्या पुस्तकात दातांचं सूत्र शिकली असशील: जबड्याच्या एका बाजूला दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. ते ज्या पचनाच्या धड्यात येतं, तो धडा २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमात नाही. फ्लोराइड आणि दातांच्या कवचाबद्दल लिहिलेला एनसीईआरटीचा पर्यावरणीय रसायनशास्त्राचा धडाही त्याच वेळी गळला. म्हणजे दातांच्या डॉक्टरला दातांवर विचारायला फारसं काही उरलेलं नाही! हसण्यावारी नेऊ नकोस. यातून टाइमटेबलचं पहिलं काम निघतं. नीटचा अधिकृत अभ्यासक्रम छापून घे आणि पुस्तकांच्या अनुक्रमणिकेवर जे नाही त्यावर पेन्सिलीने काट मार. जुन्या गाइडांमध्ये गळालेले धडे अजून ठाण मांडून बसलेले असतात, आणि दुसऱ्याची जुनी पुस्तकं वापरणारी मुलं त्यांवर आठवडे घालवतात.

आता वेळापत्रक. ते आजपासून पुढे आखायचं नाही, परीक्षेच्या दिवसापासून मागे आखायचं. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली, दुपारी २ ला; २०२५ ला वेळ २ ते ५ होती. दीडला फाटक बंद. यवतमाळ जिल्ह्यातला मे, दुपारचे दोन, डोक्यावर पंखा. ज्या वेळी आपल्याकडे माणसं ओटीवर आडवी होतात त्या वेळी तुला १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे आहेत. तरीही सगळे सल्ले पहाटे चारला उठण्याचे! पहाटे जरूर उठ, पण मार्चनंतर दुपारचे हे तीन तास रोज टेबलाशी काढ आणि एप्रिलभर दुपारची झोप सोड. हे मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त जोर देऊन सांगते, कारण कोटा-लातूरच्या वेळापत्रकांची नक्कल करताना नेमकं हेच सुटतं.

१४ तासांचं म्हणशील तर तुझ्याकडे ते नाहीत, आणि तुला ते लागतही नाहीत. कॉलेज आणि एस.टी. वगळून तुझ्याकडे रोजचे चार तास निघतील, सुट्टीच्या दिवशी सात. सकाळचे दोन तास फिजिक्सच्या गणितांना आणि केमिस्ट्रीच्या आकडेमोडीला दे, कारण तेव्हा डोकं ताजं असतं. संध्याकाळी बायोलॉजी. लाइन गेली तर आकृत्या अंधारात नुसत्या आठवून पाहा, मग लाइन आल्यावर पुस्तकाशी पडताळ. एस.टी.त वाचू नकोस, मान आणि डोळे दुखतात. पुस्तक बंद ठेवून कालचा धडा मनात म्हणत जा. हा वेळ घालवायचा उद्योग नाही. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो न बघता पुन्हा पुन्हा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. तुझी परीक्षा आठवड्याने नाही, दहा महिन्यांनी आहे.

वर्षाची आखणी शेतीच्या हिशोबाने कर. पेरणी आटोपली की नवरात्रापर्यंत हातात बऱ्यापैकी मोकळा वेळ असतो. त्यात अकरावीचं फिजिक्स आणि केमिस्ट्री संपव: गतीचे नियम, कार्य-ऊर्जा, मोल संकल्पना, समतोल, सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वं. पेपरमधला साधारण निम्मा भाग अकरावीचा असतो, आणि कॉलेजात आता फक्त बारावी शिकवतात, तेव्हा अकरावीकडे बघायला तुझ्याशिवाय कोणी नाही. सीतादही करून वेचणी सुरू झाली की मात्र फिजिक्सचा नवा धडा काढू नकोस. दिवसभर ओटीत कापूस भरून आलेल्या माणसाकडून रात्री आवर्तगतीची समीकरणं होत नाहीत, आणि झाली नाहीत की उगाच स्वतःवर राग येतो. त्या दिवसांत बायोलॉजी धर. ९० प्रश्न, ३६० गुण, म्हणजे अर्धा पेपर तोच आहे. दमलेल्या डोक्यालाही एनसीईआरटीची दहा पानं वाचता येतात आणि त्यावरचे ३० प्रश्न सोडवता येतात. शेवटचा वेचा आणि तूर निघेपर्यंत बोर्डाच्या प्रात्यक्षिकांची वेळ येते. बोर्डाचे ते दीड-दोन महिने नीट बाजूला पडली तर पडू दे. फक्त बायोलॉजीचे रोज २० प्रश्न चालू ठेव. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. बोर्डाचा पेपर नीट सोडवण्याने नीटचं नुकसान होत नाही, धडे बरेचसे तेच आहेत.

एक पान कसं वाचायचं ते दाखवते. बारावीच्या एनसीईआरटी केमिस्ट्रीत द्रावणांच्या धड्याच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की पाण्यात फ्लोराइड १ पीपीएम असेल तर दात किडत नाहीत, १.५ झालं की दातांवर डाग पडतात. हेच तुझ्या मामाच्या गावचं. दाताचं कवच बनत असताना, म्हणजे लहानपणी, असं पाणी पोटात गेलं की डाग कवचातच बसतात, म्हणून ते घासून जात नाहीत. आता पुस्तक मिट आणि स्वतःला प्रश्न घाल: एका लिटर पाण्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. पीपीएम किती? मोलॅरिटी किती? एक लिटर पाणी म्हणजे जवळपास १० लाख मिलिग्रॅम, म्हणून ३ पीपीएम. फ्लोरीनचं अणुवस्तुमान १९, म्हणजे ०.००३ भागिले १९, सुमारे १.६ गुणिले १० चा उणे चौथा घात. हे कागदावर तीन मिनिटांत जमलं तर पान झालं. नाही जमलं तर कुठे अडलं ते एका वेगळ्या वहीत एका ओळीत लिही: ‘मिलिग्रॅमचे ग्रॅम करायला विसरले’. अशा ओळींची वही मार्चपर्यंत भरली की एप्रिलमध्ये गाइडपेक्षा तीच जास्त वाचशील. तासांची नोंद मात्र ठेवू नकोस. तास मोजणाऱ्या मुलीला बसल्याचं समाधान मिळतं, गुण मिळतातच असं नाही.

बोर्ड संपल्यापासून परीक्षेपर्यंत साधारण सात आठवडे उरतील. त्यात नवीन काही नको. दर तिसऱ्या दिवशी दुपारी २ ला पूर्ण पेपर, खऱ्या ओएमआरसारख्या कागदावर काळ्या बॉलपेनने गोळे भरत, आणि पुढचे दोन दिवस त्याच पेपरच्या चुकांचे. लातूर पॅटर्नचं इतकं नाव झालं त्यामागे पेपर पुन्हा पुन्हा सोडवून घेण्याची हीच शिस्त आहे. वेळेची वाटणी मी अशी सुचवेन: बायोलॉजी ५० मिनिटं, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६०, उरलेली २० गोळे तपासायला. बायोलॉजीपासूनच सुरुवात कर. फिजिक्सपासून सुरू केलेला पेपर अवघड निघाला तर हात थरथरतो आणि पुढचे सोपे प्रश्नही जातात.

अंदाजाने उत्तर द्यायचं का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारशील. बरोबरला ४, चुकीला उणे १. चार पर्यायांत डोळे मिटून १०० गोळे भरलेस तर सरासरी २५ बरोबर, म्हणजे १०० गुण, आणि ७५ चूक, म्हणजे उणे ७५. हाती २५. एवढ्यासाठी जुगार नको. पण दोन पर्याय खात्रीने खोडता आले असतील तर उरलेल्या दोनांतला एक भरच.

‘किती गुण लागतील’ याचा आकडा भिंतीवर लावू नकोस. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. पेपर अवघड झाला की सगळ्यांचेच गुण उतरतात, शेवटी क्रमांक बघतात. एकाच प्रवर्गात सरकारी बीडीएसची जागा सरकारी एमबीबीएसच्या बऱ्याच खालच्या क्रमांकापर्यंत मिळते. तुला मनापासून डेंटलच हवं असेल तर हा मोठा दिलासा आहे, कारण बीडीएसला येणारी बरीच मुलं एमबीबीएस हुकल्यामुळे आलेली असतात.

पेपर मराठीत घ्यायचा का? मराठी निवडलीस तर प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतं, आणि शंका असेल तिथे इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. तू अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकते आहेस, पारिभाषिक शब्द त्याच भाषेत बसलेत. तरीही दहावी मराठीतून झाली असेल तर बायोलॉजीतल्या लांबलचक विधानांना बाजूच्या मराठीचा आधार होतो. सरावाचा एखादा पेपर तसा सोडवून पाहा आणि मग ठरव.

कॉलेजांबद्दल थोडं. सरकारी डेंटल कॉलेजं महाराष्ट्रात मोजकी आहेत. तुला सर्वांत जवळचं नागपूरचं. वडकीला गेलीस की नागपूर-हैदराबाद महामार्गच लागतो. मुंबईत एक सरकारी आणि एक महापालिकेचं नायर, आणि छत्रपती संभाजीनगरला एक. अमरावतीत खासगी आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघ्यातलं कॉलेज घराजवळचं वाटेल, पण ते अभिमत विद्यापीठाचं आहे. तिथली फी वेगळी आणि प्रवेश राज्याच्या नव्हे, केंद्राच्या समुपदेशनातून. पूर्वी विदर्भातल्या मुलांसाठी विदर्भातल्या ७० टक्के जागा असत. ते सूत्र २०२० मध्ये रद्द झालं, तेव्हा नागपूरच्या जागेसाठी कोल्हापूर-नांदेडची मुलंही तुझ्या रांगेत असतील. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, बाकीच्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत.

कागदपत्रं टाइमटेबलमध्येच लिही, कारण २०२४ आणि २०२५ ला नीटचा फॉर्म फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन बोर्डाच्या धामधुमीत भरायचा होता. राखीव प्रवर्गातली असशील तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच टाक, ते प्रमाणपत्र हातात यायला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या वेळी ते नसलं की जागा हातची जाऊ शकते. ओबीसी असशील तर नॉन-क्रिमिलेअर दोन लागतील. राज्याच्या जागांसाठी राज्याच्या नमुन्यातलं, देशपातळीच्या जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं. तहसीलच्या खेपा दिवाळीच्या आधी उरकून घे, आणि त्या खेपांना बाबांना पाठव, तू जाऊ नकोस.