ऊसबिल आणि कॉलेजची फी

सांगली

चि. बाळास,


साताऱ्यात खोली मिळाली, मेसही लागली, असं वहिनींकडून कळलं. आता पैशाचं थोडं स्पष्ट लिहिते.

दादा तुला पैशाला कधी नाही म्हणणार नाही. अडचण येते ती वेळेची. वाळव्याचा आपला ऊस तुटतो दिवाळीनंतर. कायद्याने चौदा दिवसांत बिल मिळायला हवं, पण बऱ्याचदा ते हप्त्याहप्त्याने हाती येतं. फी मात्र जून-जुलैतच भरायची. शिष्यवृत्तीही उशिराच येते. इथे कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचे अर्ज मीच बघते. गेल्या वर्षी एक मुलगा रडकुंडीला आला होता, हप्ताच जमा नाही म्हणून. तपासलं तर पैसे शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्यात पडून होते, कारण आधार त्याच खात्याला जोडलेलं. तुझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय, ते याच आठवड्यात बँकेत जाऊन बघ.

पैसे यायच्या आधीच्या या ओढग्रस्तीच्या महिन्यांतच मोबाईलवर झटपट कर्जाच्या जाहिराती दिसतात. पाच हजार मागितले की फी कापून हातात कमी येतात, फेडायचे मात्र पूर्ण, वर व्याज. हप्ता चुकला की काही ॲपवाले फोनमधल्या नंबरांवर नातेवाइकांना धमक्या देतात. घरी सांगायची लाज वाटते म्हणून मुलं एक कर्ज फेडायला दुसरं काढतात. हे मी पाहिलंय आणि जीव तुटतो. अडलास तर आधी मला फोन कर, रात्री बारा वाजले तरी.

कामाची लाज तर मुळीच नको. तुझ्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचं शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. 1947 मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याच विचारातून आली. तुझ्या कॉलेजात ग्रंथालयात, बागेत काम मिळालं तर घे. रात्रीची डिलिव्हरी मात्र नको, सकाळची प्रॅक्टिकल्स बुडतील.

शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला अजून काढला नसेल तर दादाला आजच सांग. शेवटच्या तारखेला सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

तुझी,
आत्या