गंज, पुटी आणि जुनी एमजीबी



दहावीला क्षरण शिकवताना एका मुलाने मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ वर्गात सांगितला. झुडपात सडत पडलेली स्पोर्ट्स कार वीस मिनिटांत चकाचक होते! त्याचा प्रश्न साधा होता, "सर, पुटी भरून वर रंग मारला तर गंज जातो का?" 'नाही' एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण मुलांना गाड्यांचं वेड असतं, तेव्हा एका खऱ्या गाडीवरूनच हा भाग समजावू या असं ठरवलं. तुम्हालाही वर्गात किंवा घरी उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो आहे.

गाडी निवडली एमजीबी. इंग्लंडमधल्या एबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली, दोन जणांची, उघडी स्पोर्ट्स कार. मागून छप्पर असलेलं जीटी मॉडेलही आलं आणि दोन्ही मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन कार्बोरेटर, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. सुटे भाग आजही मिळतात. त्यामुळे ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी खुटखुट करणाऱ्या हौशी लोकांची ही लाडकी गाडी आहे. (आपल्याकडचे मिलिमीटरचे पाने मात्र तिला नीट बसत नाहीत, नट-बोल्ट इंचाच्या मापाचे!)

आता मूळ मुद्दा. हिच्या आधीच्या एमजीए गाडीला वेगळी चासी होती, वर बॉडी बसवलेली. एमजीबीला ती नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात उघड्या गाडीला छप्पर नाही, म्हणजे भार पेलायचा तो मुख्यतः खालच्या भागाने. दरवाजाखाली पुढून मागे जाणारी जी पत्र्याची बंद पेटी असते तिला 'सिल' म्हणतात. मुलांना दाखवायचं असेल तर बुटांचं खोकं घ्या. झाकण लावून पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. नंतर दोन्ही लांब बाजूंच्या खालच्या कडेला कात्रीने चिरा द्या आणि पुन्हा पिळा. सिल काय काम करते ते सांगावंच लागत नाही.

आणि गाडी सडते नेमकी तिथेच. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आत साचतो, ओला राहतो आणि पाणी सिलपर्यंत झिरपतं. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणजे विद्युतघटाला लागणारं सगळं जमलं. चिखलाखाली ऑक्सिजन कमी पोचतो, तो भाग ॲनोड होतो आणि तिथलं लोखंड विरघळायला लागतं. शेजारचा मोकळी हवा मिळणारा भाग कॅथोड. एकाच पत्र्यावर दोन्ही! तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसला म्हणजे आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काय? पुटीने भोक बुजतं, ताकद येत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सडलेल्या सिलवर नवा पत्रा वरून चिकटवून देणं. दिसायला झकास, आत मात्र भुगा. अशा गाडीला बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायला उरतं काय? आपल्याकडे प्रकल्पाच्या वह्यांना सोनेरी कागद लावून आणतात आणि आत मजकूर उतरवलेला असतो, त्याची मला इथे आठवण येते. पण तिथे फार तर गुण जातात.

खरं काम कसं होतं ते बघा. आधी फोटो, मग प्रत्येक सुटा भाग चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. हे कंटाळवाणं वाटतं, पण सहा महिन्यांनी तोच स्क्रू कुठला हे कुणालाही आठवत नाही. सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी जोडून बॉडीला आधार देतात. नवी सिल बसवताना दरवाजा पुन:पुन्हा लावून भोवतीची फट सारखी आहे ना ते तपासतात. घाई केली तर बॉडी मधोमध किंचित खाली बसते, त्याच स्थितीत वेल्डिंग होतं आणि मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. शिवाय सिल एका पत्र्याची नसते, आतल्या थरापासून बाहेर येत जावं लागतं. व्हिडिओत हा भाग दहा सेकंदांत संपतो, गॅरेजमध्ये कित्येक आठवडे जातात.

आता बदलांकडे, म्हणजे 'मॉडिफिकेशन'कडे. पुष्कळ लोकांना वाटतं की मूळ रूप जपणं म्हणजे चांगलं आणि बदल करणं म्हणजे वाईट. इतकं सोपं नाही ते. १९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमांमुळे कंपनीनेच क्रोमचे बंपर काढून काळे रबरी बंपर लावले आणि गाडीची उंची साधारण १ इंच वाढवली. वळणावर ती जास्त कलायला लागली. म्हणून अनेक हौशी मालक ती पुन्हा खाली घेतात आणि क्रोमचे बंपर बसवतात. ही दुरुस्ती की मोडतोड? वर्गात वादाला सोडून द्या, तास पुरत नाही.

माझा आवडता बदल मात्र विजेचा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत. आधुनिक रेडिओला ऋण टोक बॉडीला हवं असतं, म्हणून ध्रुव उलटे करतात. मुलांना विचारा, मग स्टार्टर उलटा फिरेल का? नाही! त्याच्या आर्मेचरमधला आणि फील्ड कॉइलमधला, दोन्ही प्रवाह एकदम उलटतात, म्हणून दिशा तीच राहते. डायनामोचं तसं नाही. त्याच्या लोखंडात शिल्लक राहिलेलं चुंबकत्व जुन्याच दिशेचं असतं. त्याच्या फील्ड टोकाला क्षणभर बॅटरीची तार टेकवून ते उलटवावं लागतं. हे विसरलं की चार्जिंगची पंचाईत.

पालकांसाठी एक गोष्ट. मुलं हे बघून घरच्या गाडीत बदल करायचं म्हणतील. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, फारसा मूलभूत बदल न केलेल्या गाडीला दरवर्षीच्या तपासणीतून सूट आहे, तिथला मालक सुटे भाग बदलताना तेवढं भान ठेवतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. ५० वर्षांहून जुन्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हीए' नोंदणी आहे, पण त्या रोजच्या वापरासाठी नाहीत.

उपक्रम म्हणून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे चार-पाच मुलांना न्या. सोबत छोटं चुंबक ठेवा. अपघातात ठोकलेल्या गाडीच्या पत्र्यावर ते हळूहळू सरकवायला सांगा. जिथे ओढ कमी होते तिथे रंगाखाली पुटी जाड आहे. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र ते मुळीच चिकटणार नाही, तिथे फसू नका. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा, नाहीतर रंगावर ओरखडे पडतील आणि पुढच्या वेळी गॅरेजवाला दारात उभं करणार नाही.