गावाला राहायला जाताय? आधी दवाखान्याचे अंतर मोजा

साठी जवळ आली की वस्तीतल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते, "आता बस झालं, गावाला जाऊन राहू." त्यामागची कारणे खरी आहेत. खोली दहा बाय बाराची, मुलाचे लग्न झालेले, नातवंडांना अभ्यासाला कोपरा नाही. फंडाचे पैसे हातात येतात, गावाला भावाने जागा ठेवलेली असते, हवा चांगली असते. घरकाम करणाऱ्या बाईला तर निवृत्तीचा दिवस असा नसतोच. तिचे गुडघे थकले की तोच तिचा निवृत्तीचा दिवस.

गावाला जाऊ नका, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. पण हा बेत बहुतेकांनी चाळिशी-पंचेचाळिशीत, शरीर धडधाकट असताना आखलेला असतो. प्रत्यक्ष जायची वेळ येते तेव्हा त्याच शरीरात बीपी असते, साखर असते, कुणाच्या छातीत स्टेंट असतो. शरीर बदलले असेल तर जुना बेत पुन्हा तपासलाच पाहिजे. तो कसा तपासायचा, ते या वेळच्या पानावर पाहू.

कोणत्या आजाराला किती अंतर चालते?

गाव लांब की जवळ, हे किलोमीटरवर ठरवू नका. आपल्या आजाराला कोणते उपचार लागतात, ते किती दिवसांनी लागतात आणि किती तासांत मिळायला हवेत, यावर ठरवा.

*नुसते बीपी किंवा गोळ्यांवर आटोक्यात असलेली साखर.* महिन्याला एकदा तपासणी आणि न चुकता गोळ्या एवढी गरज असते. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर गावात चांगले निभावते. मात्र आपल्याला शहरात लिहून दिलेलीच गोळी तिथे मिळते का, हे आधी विचारा. मिळत नसेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्या आणि बदललेल्या गोळीवर बीपी ठीक राहते का, हे शहरात असतानाच पाहून मग निघा.

*इन्सुलिन.* न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावी लागते. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. वीज जाणाऱ्या गावात बाटली डब्यात घालून तो डबा माठाच्या गारव्यात ठेवता येतो, पण बाटलीत पाणी जाता कामा नये.

*हृदयविकार.* झटक्यानंतर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण १२ तासांच्या आत देता येते, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा फायदा सर्वांत जास्त. म्हणून पहिला प्रश्न हा, की ईसीजी काढून हे इंजेक्शन देणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? बायकांना आणि साखर असलेल्यांना छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. नुसता घाम, दम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, एवढेच दिसते. "पित्त झालंय" म्हणून घरी थांबू नका.

*पक्षाघात.* तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर घड्याळ पाहा. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातावरचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. ज्याला एकदा पक्षाघात होऊन गेला आहे त्याने सीटी स्कॅन कुठे आहे हे माहीत करून घेतल्याशिवाय घर हलवू नये.

*डायलिसिस.* आठवड्यातून दोन ते तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. इथे अंतर हाच मोठा आजार होतो. केंद्र जवळ नसेल तर कायमचे गावाला राहणे जमत नाही, हे स्वतःला स्पष्ट सांगितलेले बरे.

*दमा आणि फुप्फुसाचा जुना आजार.* चुलीच्या धुरात किंवा गिरणीच्या धुळीत वर्षे काढलेल्यांमध्ये हा फार आढळतो. नेब्युलायझरला वीज लागते. पावसात दोन-दोन दिवस वीज जाणार असेल तर पंपाचे औषध आणि स्पेसर जवळ हवेच. आणि चूल सुटली म्हणून शहरात बरे वाटणाऱ्या बाईला गावात पुन्हा चुलीपुढे बसवू नका.

*टीबी आणि एचआयव्ही.* या दोन्हींचे सरकारी उपचार गावाजवळच्या केंद्राकडे रीतसर बदली करून घेता येतात. न सांगता निघून जाणे आणि गोळ्या तुटणे हेच धोक्याचे.

गावातली व्यवस्था कशी असते?

सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. डोंगरी आणि आदिवासी भागात हाच आकडा ३,००० आणि २०,००० असा आहे. त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

पण निकष कागदावर असतो. डॉक्टरची जागा भरलेली आहे का, रात्री कोण असते, प्रयोगशाळा कोणत्या दिवशी चालते, हे तिथे जाऊनच कळते. मंडणगडचे उदाहरण घ्या. मुंबईतल्या आपल्या कितीतरी घरांचे मूळ त्या बाजूचे. हा रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका. जिल्हा रुग्णालय रत्नागिरी शहरात, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक लांब, तेही घाटवळणांच्या रस्त्याने. कागदावर "आपल्या जिल्ह्यातले रुग्णालय" असले तरी पावसाळ्याच्या रात्री ते फार दूर असते.

कोकणात विंचू आणि साप यांचाही हिशेब धरा. लाल विंचवाचा दंश जिवावर बेतू शकतो. त्यावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगापुढे मांडला. आपल्या आरोग्य केंद्रात ही गोळी आणि सर्पदंशाची लस आहे का, हे विचारून ठेवा. दंश झाल्यावर मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

वाडीपर्यंत गाडी येते का?

हा प्रश्न आपल्या लोकांनी इतरांपेक्षा जास्त बारकाईने विचारायला हवा. पुष्कळ गावांत बौद्धवाडी मुख्य गावापासून वेगळी, ओढ्यापलीकडे किंवा उतारावर आहे. डांबरी रस्ता गावापर्यंत येतो आणि वाडीच्या अलीकडे संपतो. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण ती बोलवायला मोबाइलला रेंज हवी आणि ती यायला रस्ता हवा. पावसात साकव पाण्याखाली जातो का? रात्री आजारी माणसाला डोली करून नेण्याइतके तरणे हात वाडीत उरलेत का? बऱ्याच वाड्यांत आता म्हातारीच माणसे राहिली आहेत, हे आपण जाणतोच.

दोन घरे, दोन निर्णय

आमच्या कामातली दोन घरे सांगतो. नावे मुद्दाम देत नाही.

पहिल्या घरातले काका कारखान्यातून निवृत्त झाले. वस्तीतली खोली विकली आणि त्या पैशात गावाला स्लॅबचे घर बांधले. साखर आधीपासून होती. तिसऱ्या वर्षी किडनी निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा पहाटे निघायचे, रात्री परतायचे. सोबत काकू. काकूंच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या या धावपळीत राहून जायच्या, त्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. पावसाळ्यात रस्ता बंद होऊन दोन खेपा चुकल्या आणि काकांना पाण्याने सूज येऊन दम लागला. शेवटी दोघे मुंबईला मुलाच्या खोलीत परत आले. घर गावाला रिकामे आणि इथे सहा माणसे एका खोलीत.

दुसऱ्या घरातल्या मावशींनी खोली विकली नाही, मुलीच्या ताब्यात ठेवली. दोन वर्षे गावाला छान राहिल्या. मग नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट पडला. तेव्हा दोघांनी पुन्हा बसून विचार केला. आता ते दिवाळीनंतर मेपर्यंत गावाला असतात आणि पावसाळा मुंबईत काढतात. डॉक्टरांची फेरतपासणी त्याच दिवसांत बसवतात. शेजारी सुरुवातीला म्हणाले, "गाव सोसलं नाही वाटतं." मावशींनी तिकडे लक्ष दिले नाही.

पहिल्या घराला परतायला जागा राहिली नव्हती, दुसऱ्या घराला होती. फरक एवढाच. किडनी किंवा हृदय कधी बिघडेल हे कोणाच्या हातात नाही. पण परतीची वाट उघडी ठेवणे आपल्या हातात आहे.

कार्ड आणि कागद

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, डायलिसिससुद्धा. पण हे योजनेतल्या रुग्णालयातच. रोजच्या गोळ्यांचा खर्च यातून निघत नाही. गावाजवळचे योजनेतले रुग्णालय कोणते, हे आरोग्यमित्राला विचारा.
- ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. २०२४ पासून ही सोय आहे. आधार कार्डावरील जन्मतारीख बरोबर आहे का, ते पाहा.
- ईएसआयसीत किमान पाच वर्षे राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. मात्र त्यांचा दवाखाना गावाजवळ आहे का, हे बघा.
- एसटीत ६५ ते ७५ वयापर्यंत निम्मे तिकीट, ७५ नंतर मोफत आणि सर्व वयाच्या महिलांना निम्मे तिकीट आहे. दवाखान्याच्या फेऱ्यांचा हिशेब करताना हे धरा.

जाण्याआधी एवढे करा

१. आधी एक पूर्ण पावसाळा गावाला राहून पाहा. मे महिन्याच्या सुट्टीतले गाव आणि जुलैतले गाव वेगळे असते.

२. आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन या. आशाताईंची ओळख करून घ्या, त्यांचा नंबर भिंतीवर लिहा.

३. वाडीतून रुग्णालयापर्यंतचा वेळ एकदा दिवसा आणि एकदा रात्री मोजा.

४. मोतीबिंदू, दात, हर्निया अशी राहिलेली कामे शहरात उरकून घ्या.

५. सर्व रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून मुलांकडेही पाठवा.

६. निदान दोन महिन्यांच्या गोळ्या जवळ ठेवा, पावसाळ्याआधी तर नक्कीच.

७. पहिली दोन वर्षे शहरातली खोली विकू नका.

८. दरवर्षी, आणि कोणताही नवा आजार निघाला की लगेच, हा सगळा हिशेब पुन्हा करा.

एक गोष्ट विशेष करून पुरुषांना सांगायची आहे. गावाला जायचा निर्णय बहुतेक वेळा घरातला पुरुष घेतो आणि पाणी भरणे, सरपण, आजाऱ्याची सेवा बाईच्या वाट्याला येते. तिचे गुडघे, तिचे बीपी, तिचे डोळे यांची तपासणी झाल्याशिवाय हा निर्णय पुरा झाला असे समजू नका. तिला आधी विचारा आणि तिचे उत्तर "नको" असेल तर तेही ऐका.

बेत बदलला म्हणून कोणी हरत नाही. गावाला जाणारी पाच-सहा घरे वस्तीत असतीलच. त्यांनी एका रविवारी विहारात एकत्र बसावे, आपापले रिपोर्ट आणि गावाचा पत्ता सोबत आणावा. एकाच बाजूची घरे असतील तर रुग्णालयाची चौकशी एकाने करून सर्वांना सांगता येईल. वाडीचा रस्ता आणि साकव यांसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा असेल, तर तोही तिथेच बसून सगळ्यांच्या सह्यांनी लिहावा.